चिपवरचा अवयव : एका नावाची चिकित्सा

मंडळी, आज आपण एका नावाची चिकित्सा करणार आहोत. 'ऑर्गन-ऑन-अ-चिप', म्हणजे चिपवरचा अवयव. २०१० साली हार्वर्डमधल्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात चिपवरचं फुप्फुस मांडलं, तिथपासून हे नाव रुळलं.

आधी वस्तू पाहू. पारदर्शक सिलिकोन रबराचा तुकडा, साधारण पेनड्राइव्हएवढा. आत अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद अशा वाहिन्या, मध्ये सच्छिद्र पडदा. पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी, त्यांच्यावर हवा. दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी, त्यांच्यावरून पोषक द्रव वाहता. बाजूच्या पोकळ्यांतली हवा ओढली-सोडली की पडदा ताणतो, सैल होतो. श्वासासारखा.

हे वाहणं महत्त्वाचं आहे बरं का. बशीत वाढवलेल्या पेशी साचलेल्या द्रवात राहतात; अन्न त्यातच, मळही त्यातच. इथे अन्न येत राहतं, मळ जात राहतो, आणि प्रवाहाचं घर्षणही पेशींना जाणवतं. 'श्वास' चालू असताना सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे होणारा दाह वाढतो, हे या चिपवर दिसलं. स्थिर बशीत ते दिसलं नसतं. एवढं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं.

पण हा 'अवयव' आहे का? ॲरिस्टॉटल म्हणतो, शरीरापासून तोडलेला हात केवळ नावाचाच हात. कांट १७९० मध्ये सांगतो की सजीवात प्रत्येक भाग इतर भागांमुळे असतो आणि इतर भागांसाठी असतो. चिपमध्ये काय होतं? पंप द्रव ढकलतो, पेशी तो घेतात, आणि बाहेर पडलेला द्रव बाटलीत जमा होतो. पुढे त्याची वाट पाहणारं यकृत नाही, मूत्रपिंड नाही. अनेक चिप जोडायचे प्रयोगही झालेत. पण काय कशाला जोडायचं, हे तिथे आपण ठरवतो.

कोणी म्हणेल, नावात काय एवढं? सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती गेली. चिपचा पुरावाही आता चालू शकतो. त्याच वर्षी एम्युलेट या चिप बनवणाऱ्या कंपनीचा अभ्यास आला: ८७० यकृत-चिप, २७ औषधं. यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के ओळखली गेली आणि निर्दोष औषधावर एकदाही ठपका आला नाही. निकाल उत्तमच. पण घातक असूनही सुटलेली औषधं आहेतच, आणि मोजमाप करणारे चिपचे निर्मातेच आहेत. शिवाय हे सिलिकोन रबर काही औषधं स्वतःच शोषून घेतं. म्हणजे आपण ओततो तेवढी मात्रा पेशींपर्यंत पोचेलच असं नाही.

आता 'यकृताने औषध पास केलं' असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला हे सगळे तपशील दिसेनासे होतात. 'वाहत्या द्रवातल्या यकृत-पेशींना या मात्रेत इजा झाली नाही' असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: आणि बाकीच्या शरीराचं काय? ते औषध शेवटी माणूस गिळणार आहे, त्याला हा प्रश्न विचारला गेलेला हवा.

प्राण्यांचे हाल थांबावेत असं आपल्याला मनापासून वाटतं. म्हणूनच या नावाबद्दल आपणच जास्त काटेकोर राहायला हवं. नावाने दिलेला भरवसा एका दुर्घटनेत उडाला, तर पुन्हा पिंजऱ्यांकडेच वळावं लागेल.

थांबू या इथे. आता प्रश्न घेऊ.