फाटक्या आवाजाचे सौंदर्यशास्त्र

कर्वेनगरात काय किंवा नागपुरात काय, भीमजयंतीच्या स्पीकरचा आवाज फाटला की अभिजन रसिक कानात बोटे घालतो. 'शुद्ध सूर' हे त्याचे सौंदर्यमूल्य. रॉकची खरखरती गिटार मात्र त्याला कला वाटते! म्हणून या खरखरीचे कूळ तपासले पाहिजे.

१९५१च्या मार्चमध्ये आइक टर्नरचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मिसिसिपीहून मेम्फिसला आला. विली किझार्टच्या गिटारचा अँप्लिफायर वाटेत बिघडला होता. सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबला गेला. गुरगुरता आवाज निघाला आणि तसाच 'रॉकेट ८८'मध्ये मुद्रित झाला. तबकडीवर नाव आले गायक जॅकी ब्रेन्स्टनचे, किझार्टचे नाही. त्याच वर्षी गोऱ्या बिल हेलीने हे गाणे गायिले. रॉकबिलीची सुरुवात काहीजण तेथेच मानतात. १९५४ साली फिलिप्सकडेच प्रेस्लीने आर्थर क्रुडपचे १९४६चे गाणे गायिले. प्रेस्ली 'सम्राट' झाला. क्रुडपला रॉयल्टीसाठी अखेरपर्यंत झगडावे लागले.

शॉनी आदिवासी वंशाच्या लिंक रेने १९५८च्या 'रंबल'साठी स्पीकरला स्वतःच भोके पाडली. त्यात एकही शब्द नसताना काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवण्यास नकार दिला. अपघाताचा येथे विद्रोह झाला होता.

दलित साहित्यालाही प्रस्थापितांनी 'ओबडधोबड' म्हणून हिणवले. तोच आवाज कोणाचा असला की कला ठरतो आणि कोणाचा असला की गोंगाट? सुराचे शास्त्र सांगण्याआधी समीक्षकाने तबकडीवर कोणाचे नाव नाही, ते पाहावे.