दया आणि करुणा

सेवाग्रामीं ४ जून १९४७ रोजीं निवर्तलेल्या धर्मानंद कोसंबींनीं बौद्ध वाङ्मय मराठींत आणिलें. तरी ख्रिस्ताची दया रुग्णाच्या उशाशीं बसते आणि बुद्धाची करुणा ध्यानांतच राहते, हें मत सुशिक्षितांत अजून ऐकूं येतें. विनयपिटकाच्या महावग्गांत मलमूत्रांत पडलेल्या भिक्षूस बुद्ध आनंदासह स्वतः धुतो, आणि आपली सेवा करूं इच्छिणारानें रुग्णाची करावी, असें सांगतो. मत्तयाच्या २५ व्या अध्यायांतील ख्रिस्तवचनाचा आशय याहून दूर नाहीं. भेद निराळा आहे: तेथें न्यायासन, येथें, आईबाप दुरावलेल्या भिक्षूंनीं एकमेकांस न पाहिलें तर कोण पाहील, एवढाच प्रश्न. मला हा प्रश्न अधिक निरपेक्ष वाटतो. मात्र तो संघापुरताच विचारलेला आहे. कुष्ठरोग्याच्या दारीं मिशनरी आधीं गेले, आणि वर्ध्याजवळ दत्तपूरचें कुष्ठधाम मनोहर दिवाणांनीं काढलें तें १९३६ सालीं.