जाती, वंश आणि शोधाचे श्रेय : ‘लिम्नोक्निडा इंडिका’ या नावाची चिकित्सा

दिवा, मुंब्रा, डोंबिवली या खाडीकाठच्या परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास जेलीफिश म्हटले की खारे पाणीच आठवते. सह्याद्रीतून वाहणाऱ्या गोड्या पाण्याच्या नद्यांतही असा जीव आढळतो आणि तो प्रथम एका मराठी अभ्यासकाच्या दृष्टीस पडला, ही माहिती त्यास बहुधा शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्याविषयीच्या चरित्रपर टिपणातून मिळते. अशा टिपणांत एक विधान थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा येते : तोवर केवळ आफ्रिकेत ज्ञात असलेली जेलीफिशची एक प्रजाती आघारकरांना पश्चिम घाटात सापडली. हे विधान गौरवाच्या हेतूने केलेले असते, यात शंका नाही. परंतु त्या जीवाचे शास्त्रीय नाव व हे विधान शेजारी ठेवून वाचले असता दोहोंचा मेळ बसत नाही, याकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे.

आघारकर मूळचे मालवणचे, जन्म १८८४चा. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. पुण्यात १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी राहिली आणि १९९२ पासून संशोधनसंस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. तथापि प्रस्तुत प्रकरण त्यापूर्वीचे, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात असतानाचे आहे. कोयना व वेण्णा या सातारा जिल्ह्यातील कृष्णेच्या उपनद्यांतून मिळालेले लहानसे छत्रिक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोहोचले. तेथील अधीक्षक नेल्सन ॲनन्डेल यांनी १९११ साली त्याचे प्राथमिक वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले.

या नावाचे दोन भाग दोन वेगळी विधाने करतात. ‘लिम्नोक्निडा’ हा वंश रॉबर्ट गुंथर यांनी १८९३ साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील छत्रिकासाठी स्थापिला होता. सह्याद्रीतील जीव त्याच वंशात ठेवताना ॲनन्डेल यांनी आफ्रिकेशी असलेले नाते मान्य केले. ‘इंडिका’ हे जातिवाचक पद मात्र नेमके उलट सांगते : हा जीव आफ्रिकेतील जातीहून भिन्न आहे. तो आफ्रिकेतील जातीचाच असता तर नवे नाव देण्याचे प्रयोजनच उरले नसते. जुनेच नाव नव्या स्थळासह नोंदवावे लागले असते. म्हणजे तोवर आफ्रिकेपुरता मर्यादित मानला गेलेला होता तो वंश. जाती नवीनच होती. रूढ विधान खरे मानले तर आघारकरांच्या वाट्याला केवळ एका परिचित जीवाचे नवे ठिकाण येते. वस्तुतः त्यांच्या वाट्याला विज्ञानास अपरिचित असलेली एक जाती येते आणि तिच्याबरोबर एक प्राणिभौगोलिक कोडेही येते : समुद्राने विभागलेल्या दोन भूभागांतील गोड्या पाण्यात एकाच वंशाचे नाजूक जीव कसे? गौरव करू पाहणाऱ्या वाक्यानेच गौरव घटवावा, हा विपर्यास म्हटला पाहिजे.

या चुकीचे एक कारण मराठी परिभाषेत शोधता येते. वनस्पतिशास्त्राच्या मराठी लेखनात, मराठी विश्वकोशातही, ‘प्रजाती’ ही वरची पायरी असून ‘जाती’ ही तिच्या खालची होय. प्राणिशास्त्रात त्या वरच्या पायरीस ‘वंश’ म्हटले जाते. वृत्तपत्रीय मराठीने मात्र ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’च्या अर्थी रूढ केला आहे. त्यामुळे ‘आफ्रिकेतील प्रजाती सापडली’ हे वाक्य एका वाचकास बरोबर व दुसऱ्यास चूक वाटू शकते. आणि शिकणाऱ्यास काय वाटते हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास ठाऊक असते.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. नावापुढे ॲनन्डेल यांचे नाव येते, आघारकरांचे नाही. यात अन्याय झाला असे कोणी म्हणेल. पण प्राणिनामकरणाच्या संकेतानुसार नावापुढे येतो तो वर्णन प्रसिद्ध करणारा, सापडविणारा नव्हे. जातिवाचक पदात शोधकाचे स्मरण ठेवणे मात्र नाव देणाऱ्याच्या इच्छेवर असते. येथे लंडनचे उदाहरण उद्बोधक ठरते. १८८० साली रीजंट्स पार्कमधील कमळाच्या हौदात गोड्या पाण्यातील छत्रिक आढळले. रे लँकेस्टर यांनी ‘क्रॅस्पेडाकुस्टा सॉवर्बी’ हे नाव १७ जून रोजी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले, आठवड्याभराने जॉर्ज ऑलमन यांनी त्याच जीवास दिलेले ‘लिम्नोकोडियम व्हिक्टोरिया’ हे नाव प्रसिद्ध झाले. अग्रक्रमाच्या नियमाने पहिले टिकले. हौदातील जीव ज्यांच्या नजरेस आला ते उद्यानसंस्थेचे चिटणीस सॉवर्बी त्यामुळे नावात अमर झाले. सह्याद्रीच्या नद्यांत छत्रिक टिपणाऱ्यास ते भाग्य लाभले नाही. त्याच्या नावाऐवजी देशाचे नाव आले. ॲनन्डेल यांच्या हेतूविषयी त्यावरून शंका घेणे योग्य नव्हे. प्रांतांतून नमुने कलकत्त्यास जावेत आणि वर्णन तेथे व्हावे, ही त्या काळची रीतच होती. मात्र त्या रीतीत शोधक व नामकर्ता यांच्यात पडणारे अंतर नाव वाचताना लक्षात ठेवावे लागते.

आघारकर या प्रकरणात केवळ नमुने पुरविणारे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासह त्यांनी १९१२ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये या छत्रिकाच्या सवयी व प्रसार यांवर टिपण प्रसिद्ध केले. शोधकाची खरी स्वाक्षरी तेथे आहे. चरित्रपर लेखनात या टिपणाचा उल्लेख क्वचितच आढळतो. ‘नेचर’चे नाव मात्र अगत्याने येते.

‘इंडिका’ या पदाचा दावाही आज नव्याने तपासण्याजोगा आहे. लिम्नोक्निडा वंशातील छत्रिकांत जननग्रंथी मुखदंडावर असतात, तर क्रॅस्पेडाकुस्टात त्या अरीय नलिकांवर. हा वंशभेद डोळ्यांनी दिसतो. एकाच वंशातील जातींचे भेद इतके ठळक नसतात. नेपाळ व बिहारमधील छत्रिकांसाठीही याच वंशात पुढे स्वतंत्र जाती सुचविल्या गेल्या. त्यांची सह्याद्रीतील जातीशी जनुकीय तुलना करावयाची तर मूळ नद्यांतील ताजे नमुने हवेत. १९६०च्या दशकात कोयनेच्या खोऱ्याचा मोठा भाग शिवसागर जलाशयाखाली गेला आणि वेण्णेवर पुढे कण्हेर धरण झाले. आघारकरांनी पाहिलेली वाहती नदी कोठे उरली आहे, हे प्रथम नकाशावर व मग उन्हाळ्यात प्रत्यक्ष डोहांपाशी जाऊन पाहावे लागेल.