रोदेनबाखचें ब्रूज

प्रवासाला निघणाऱ्या गृहस्थाच्या सामानांत पुस्तक असो वा नसो, त्याच्या डोळ्यांवर कोणत्या ना कोणत्या पुस्तकाचा चष्मा असतोच. आपल्याकडील सहलींचे जथे पॅरिसहून अ‍ॅम्स्टरडॅमकडे जातांना ब्रुसेल्सला थोडा वेळ विसांवतात. त्यांतील कांहीं हौशी मंडळी तेथून तासाभराच्या आगगाडीच्या प्रवासानें ब्रूज पाहून येतात. परत आल्यावर त्यांचे शब्द ठरलेले असतात : शांत, उदास, स्वप्नवत्, काळ जागच्या जागीं थांबल्यासारखें. ज्या लेखकानें हे शब्द त्यांच्या तोंडीं घातले त्याचें नांवहि त्यांतील बहुतेकांस ठाऊक नसतें. बेल्जियमसारख्या सुमारें ३०,००० चौरस किलोमीटरांच्या देशांतील एका शहराविषयीं साऱ्या जगाचें मत एका छोट्या कादंबरीनें बनवावें, हा वाङ्मयाचा विजय खराच. पण तो कोणाच्या पदराला खार लावून मिळाला हें पाहण्यासारखें आहे.

जॉर्ज रोदेनबाख (१८५५–१८९८) हा जन्मानें बेल्जियन, लिहिणारा फ्रेंच भाषेंत, आणि १८८८ पासून पॅरिसवासी. बालपण त्याचें गेंट येथें गेलें. ब्रूजचा रहिवासी तो कधींच नव्हता. त्याची ‘ब्रूज-ला-मोर्त’, म्हणजे ‘मृत ब्रूज’, ही कादंबरी १८९२ सालीं प्रथम पॅरिसच्या ‘फिगारो’ पत्रांत व लगोलग पुस्तकरूपानें निघाली. यूग व्हियान नांवाचा विधुर पत्नीच्या मृत्यूनंतर ब्रूजला येऊन राहतो, कारण त्याच्या दुःखाशीं जुळेल असें दुसरें गांव त्याला दिसत नाहीं. पत्नीचा केशसंभार त्यानें कांचेच्या पेटींत जपून ठेवला आहे. एके दिवशीं रस्त्यांत त्याला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी जेन स्कॉट ही नर्तकी भेटते. तिला तो आपलीशी करतो. आणि शेवटीं, पवित्र रक्ताच्या मिरवणुकीच्या दिवशीं, ती त्या केसांची थट्टा करते तेव्हां त्याच केसांनीं तिचा गळा आवळतो.

कथानक एवढेंच, आणि खरें सांगावयाचें तर शेवटचा खून नाटकी आहे. पुस्तकाचें सामर्थ्य अन्यत्र आहे. शहर ही नुसती पार्श्वभूमि नसून तेंच एक प्रधान पात्र आहे, माणसांच्या मनावर व कृतीवर त्याची सत्ता चालते, असें लेखक प्रस्तावनेंतच बजावतो, आणि दिलेला शब्द पाळतो. धुकें, निश्चल कालवे, पाण्यांतील घरांचीं प्रतिबिंबें, मठांच्या भिंती, आणि या सर्वांवर राखेप्रमाणें पडत राहणारा घंटांचा नाद. वाचतांना हवेंतील ओल अंगाला लागते. शिवाय त्यानें पुस्तकांत पस्तीस छायाचित्रें घातलीं. कादंबरींत छायाचित्रें हा प्रकार त्या काळीं नवलाचाच होता. आंद्रे ब्रेताँची ‘नाद्या’ आली ती १९२८ मध्यें, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षांनीं. पण हीं छायाचित्रें जरा निरखून पाहावीं. पूल आहेत, घाट आहेत, मनोरे आहेत. माणूस शोधूनहि सांपडत नाहीं म्हटलें तरी चालेल.

माणसें गेलीं कोठें? माझ्या मतें या प्रश्नाचें उत्तर कादंबरींतल्याच एका प्रसंगांत आहे. व्हियान आपल्या मृत पत्नीचीं वस्त्रें काढून तीं जेनला नेसावयास लावतो. जेनला त्या जुन्या तऱ्हेच्या पोषाखाचें हंसूं येतें, आणि तो मात्र व्यथित होतो. एका जिवंत बाईला मेलेल्या बाईचे कपडे चढवून तिनें तसेंच स्तब्ध उभें राहावें अशी अपेक्षा करणें, हें या नायकाचें पाप आहे. लेखकाला तें पुरतें दिसतें, म्हणून तर तो नायकाला शिक्षा देतो. परंतु ब्रूज शहराशीं त्यानें स्वतः अगदीं हाच व्यवहार केला, हें त्याच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. जेनला जसें स्वतःचें मन दिलेलें नाहीं तसेंच शहरालाहि नाहीं. दोघेंहि आरसे आहेत, आणि आंत पाहणारा एकच.

ज्या शहराला त्यानें हीं वस्त्रें चढविलीं त्याची हकीकत विधुराच्या दुःखाहून पुष्कळच गुंतागुंतीची आहे. चौदाव्या शतकांत ब्रूज हें उत्तर युरोपची पेढी होतें. शेअरबाजाराला युरोपच्या कित्येक भाषांत ‘बोर्स’ हा जो शब्द आहे, तो येथील व्हान देर ब्यूर्से या सराईवाल्या घराण्यावरून आला. समुद्राशीं नातें होतें तें झ्वीन नांवाच्या खाडीचें. ती गाळानें भरली आणि शहर मेलें, असें वाटाडे सांगतात. पण ही अर्धीच गोष्ट आहे. १४८८ मध्यें ब्रूजच्या नागरिकांनीं हॅब्सबर्ग घराण्यांतील मॅक्सिमिलियन याला बाजारचौकांतील एका घरांत कोंडून ठेवलें. तो सुटल्यावर परदेशी व्यापाऱ्यांनीं अँटवर्पला जावें म्हणून त्यानें कंबर कसली. बंदर गाळानें बुजलें तसें राजरोषानेंहि बुजलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत हें बेल्जियममधील अत्यंत दरिद्री शहरांपैकीं एक होतें. रोदेनबाखला जी गूढ शांतता वाटली तिच्या मागें दारोदार मान खालीं घालून लेस विणणाऱ्या बायका व पोरी होत्या. त्यांची भाषा फ्लेमिश; पुस्तक पॅरिसच्या वाचकांसाठीं फ्रेंचमध्यें. व्हियानची मोलकरीण बार्ब हीच काय ती ठसठशीत फ्लेमिश व्यक्ति, आणि तिच्या वांट्याला भाबडी भक्ति एवढेंच आलें आहे.

ब्रूजकरांना राग आला यांत नवल नाहीं. त्यांना त्या वेळीं शोकगीत नको होतें, बंदर हवें होतें. समुद्रापर्यंत कालवा खणून झेब्रुगे येथें नवें बंदर बांधण्याचा घाट त्यांनीं घातला होता, आणि १९०७ मध्यें तो सिद्धीसहि गेला. रोदेनबाखनें १८९७ च्या ‘ल कारियोनर’ या आपल्या कादंबरींत याच बेतावर कोरडे ओढले. तिचा नायक, शहराचा घंटावादक, बंदरवाल्यांशीं भांडतां भांडतां एकटा पडतो. सौंदर्यासाठीं गांवानें उपाशी राहावें, असा सल्ला पॅरिसमध्यें बसून देणें सोपें असतें. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मारकाला ब्रूजनें जागा दिली नाहीं. शिल्पकार जॉर्ज मिन याचें तें शिल्प १९०३ मध्यें गेंट येथें उभें राहिलें. हा कोतेपणा म्हणावा तर म्हणावा. मला मात्र त्यांत जेनचें हंसणें ऐकूं येतें.

परंतु पुढें शहरानें तीं वस्त्रें आपण होऊन नेसलीं, हेंहि लपविण्यांत अर्थ नाहीं. बाजारचौकांतील प्रांतिक कचेरीची गॉथिक इमारत मध्ययुगीन समजून लोक तिच्यासमोर उभे राहतात. ती बांधली १८८७ ते १९२१ या काळांत. सेंट बोनिफेसचा चिमुकला दगडी पूल पाहून कोणालाहि पांचशें वर्षांपूर्वींचा वाटावा; तो १९१० चा आहे. पाहुण्यांना मृत नगरी हवी आहे ना, मग ती पुरवूं, असा हा रोकडा व्यवहार होता. तो इतका फळला कीं २०१९ मध्यें नगरपालिकेला एका दिवशीं येणाऱ्या पर्यटकी जहाजांच्या संख्येवर बंधन घालण्याचा निर्णय घ्यावा लागला. हीं जहाजें लागतात झेब्रुगेलाच, रोदेनबाखच्या नावडत्या बंदरांत. आणि तें बंदर २०२२ पासून जुना वैरी जो अँटवर्प त्याच्याशीं एक झालें आहे.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. ज्यानें पाण्यावर इतकें लिहिलें तो पाण्यामागोमाग चार पावलें गेला नाहीं. ब्रूजहून नेपोलियनच्या हुकुमानें खणलेल्या कालव्याच्या कांठानें सहासात किलोमीटर चालत गेलें कीं दामे हें गांव लागतें. एके काळचें हें ब्रूजचें बंदर. १४६८ मध्यें बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याचें लग्न येथें लागलें. शार्ल द कोस्टेर यानें १८६७ च्या आपल्या कादंबरींत उलेनश्पीगेल या खट्याळ वीराचा जन्म याच गांवीं घडविला. तोहि फ्रेंचमध्येंच लिहिणारा. पण त्याचीं फ्लेमिश माणसें खातात, पितात, शिव्या देतात, राजाविरुद्ध उठतात. पंचवीस वर्षांच्या अंतरानें, एकाच प्रदेशावर, एकाच भाषेंत लिहिलेलीं हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं तर रोदेनबाखनें काय गाळलें तें आपोआप दिसतें.

आणि दामेच्याहि पुढें, डच सरहद्दीवर, ती झ्वीन आहेच. जिच्या पाण्यांत १३४० सालीं इंग्लंड व फ्रान्स यांच्या आरमारांची लढाई झाली, तेथें आज खारट दलदल आहे. १९५२ पासून ती राखीव निसर्गक्षेत्र आहे. ज्या गाळानें ब्रूजचा व्यापार बुडविला त्यानेंच ही भूमि घडविली. जुलै-ऑगस्टांत तेथें खाऱ्या चिखलांतून जांभळ्या फुलांचे ताटवे उठतात, आणि बगळे व करकोचे त्यांत चरत असतात. हें मरण म्हणावें कीं जनन, हा प्रश्न ‘मृत ब्रूज’च्या कर्त्याला पडावयास हवा होता. झ्वीन अलीकडेहि भरतच चालली होती. म्हणून बांध मागें सरकवून २०१९ मध्यें आणखी सुमारें १२० हेक्टर जमीन समुद्राला परत देण्यांत आली. ब्रूजला जाणाऱ्यानें रोदेनबाख अवश्य वाचावा, घंटांच्या मनोऱ्याच्या ३६६ पायऱ्याहि चढाव्या. पण दुसऱ्या दिवशींचा अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि भरतीची वेळ विचारून घेऊन झ्वीनच्या बांधावर जावें.