बंद यंत्रे आणि १०७ कौशल्ये

गरीब देशांतील रुग्णालयांत बंद पडलेल्या यंत्रांविषयी विचारले की दोन कारणे ठरल्यासारखी पुढे येतात. सुटे भाग मिळत नाहीत आणि तज्ज्ञ तंत्रज्ञ नाहीत. कारणे इतकी पटण्याजोगी आहेत की ती मोजून पाहण्याची गरज फारशी कुणाला भासली नव्हती. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट माल्किन व त्यांच्या सहकारी ॲलिसन कीन यांनी ती मोजली. त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी तो अवश्य समजून घ्यावा असे आम्हांला वाटते. मात्र त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारायला आम्ही तयार नाही.

आधी निबंधात काय आहे ते पाहू. आफ्रिका, युरोप, आशिया आणि मध्य अमेरिका येथील ११ देशांतल्या ६० रुग्णालयांतून आलेली, बंद पडलेली २,५२९ उपकरणे तपासण्यात आली. तपासणारे अभियंते होते किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी. अट एकच: जे सामान त्या गावात मिळते तेवढेच वापरायचे. परदेशातून एकही भाग न मागवता यांपैकी १,८२१ उपकरणे, म्हणजे ७२ टक्के, पुन्हा सुरू झाली!

त्यासाठी कोणते ज्ञान लागले? वीजजोडणी १८ टक्के, यांत्रिक कामे १८, वीजपुरवठा १४, नळकाम १९, मोटारी ५, आणि उपकरणाची मांडणी किंवा ते वापरण्याचे प्रशिक्षण २५ टक्के. बेरीज ९९ येते. उरलेल्या एका टक्क्याला इतर ज्ञान लागले. लेखकांनी याचा आणखी बारकाईने विचार करून १०७ मूलभूत कौशल्ये वेगळी काढली. तेवढी येत असणारा साहाय्यक, पाठीशी कुणी असेल तर, बंद उपकरणांपैकी ६६ टक्के सुरू करू शकेल असे त्यांचे म्हणणे आहे.

या आकडेवारीतला नळकामाचा वाटा आम्हांला विशेष बोलका वाटला. शोषक पंपाची नळी तुंबते, ऑटोक्लेव्हच्या झाकणाचे रबर चिरते, गाळणी धुळीने भरते. यांत इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध नाही. आणि सर्वांत मोठा, २५ टक्क्यांचा, गट पाहा. त्यातील पुष्कळ उपकरणे खऱ्या अर्थाने बिघडलेली नव्हतीच. ती नीट जोडलेली नव्हती किंवा कशी चालवायची हे कुणी शिकवले नव्हते. यांना ‘दुरुस्त झाली’ असे म्हणणे थोडे गोड बोलणे झाले.

आमचा मुख्य आक्षेप निकषाविषयी आहे. उपकरण सुरू झाले तर बिघाडाचे निदान बरोबर होते, असे लेखकांनी गृहीत धरले. गणिताच्या शिक्षकांना यातली फट लगेच दिसेल. उत्तर जुळले म्हणजे रीत बरोबर होतीच असे नाही. वितळतार बदलली की यंत्र सुरू होते, पण ती का वितळली हा प्रश्न तसाच राहतो. यंत्र पुढे किती दिवस टिकले, हे तर या निकषात येतच नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे ‘सुरू’ आणि ‘बरोबर सुरू’ यांतला फरक. अमेरिकेत वापरलेली यंत्रे दान म्हणून पुष्कळ ठिकाणी जातात. तिथला पुरवठा सुमारे ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ; आपल्यासारख्या अनेक देशांत तो २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. थेट जोडले तर तापकाची शक्ती चौपट होते आणि तो जळतो. म्हणून मध्ये रोहित्र बसवतात. पण रोहित्र विद्युत्‌दाब बदलते, वारंवारता बदलत नाही. समजा, सेंट्रीफ्यूजमध्ये साधी प्रवर्तन मोटार आहे. ती ६० ऐवजी ५० हर्ट्झवर सुमारे पाच षष्ठांश वेगाने फिरेल. केंद्रोत्सारी परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो ३६ ऐवजी २५ भाग, सुमारे ७० टक्केच उरतो. यंत्र फिरते आहे, दिवा लागला आहे, नोंदवहीत ‘सुरू’ असे लिहिले आहे, आणि नमुना नीट वेगळा होत नाही. (दहावीच्या वर्गात हे गणित जरूर घ्यावे.) नवजात बाळाच्या वॉर्मरमध्ये हाच फरक जिवावर बेतू शकतो. त्वचेवरचा तापसंवेदक निसटला तर तो कमी तापमान दाखवतो, आणि यंत्र इमानेइतबारे बाळाला अधिकच तापवत राहते.

निबंधाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माल्किन यांनी पुढे रुआंडात तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाची पाहणी केली, आणि प्रशिक्षित माणसे असलेल्या रुग्णालयांत बंद उपकरणांचे प्रमाण इतर रुग्णालयांपेक्षा घटलेले दिसले. म्हणजे कल्पना कागदी नाही. पण ‘पाठीशी कुणी असेल तर’ ही अट लहान नाही. पाहुणा विद्यार्थी एका यंत्रापुढे दिवसभर बसू शकतो; रुग्णालयाच्या वायरमनला पंखे, पंप आणि जनरेटरही पाहावे लागतात. कौशल्य शिकवता येते, पद मात्र मंजूर व्हावे लागते.

आपल्याकडे २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाने उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी झालेल्या मोजणीत निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. यादी तयार झाली हेच मोठे काम होते. अनेक राज्यांनी देखभाल कंत्राटदारांकडे सोपवली, आणि उपकरणे किती काळ चालू राहावीत याची उद्दिष्टे ठरली: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. इथेही निकष ‘चालू’ हाच आहे. शिवाय ८० टक्के म्हणजे वर्षातले ७३ दिवस यंत्र बंद राहिले तरी उद्दिष्ट पूर्ण! जिल्ह्याच्या ठिकाणी एक वॉर्मर बंद पडला तर बाळाला शेजारच्या वॉर्मरवर ठेवता येते. प्राथमिक केंद्रात बहुधा एकच असतो, आणि सर्वांत सैल उद्दिष्ट त्याच्याच वाट्याला आले आहे.