शेरा नको, प्रश्न हवा

महाराष्ट्र शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याच्या साधनांत ‘इतर’ या शेवटच्या मथळ्याखाली ‘सहाध्यायी मूल्यमापन’ होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपत्रकात त्याला स्थान दिले. मुलांनी एकमेकांचे लेखन वाचावे, हा विचार स्वागतार्हच आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘मूल्यमापन’ या शब्दाला.

मूल्यमापन म्हटले की मूल गुरुजींच्या खुर्चीत जाऊन बसते. मित्राला दहापैकी नऊ, भांडलेल्याला चार. फार तर ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधार’ असा शेरा. तो वाचून लिहिणाऱ्याने पुढे काय करायचे?

समजा, शीळफाट्याजवळच्या शाळेतील एका मुलीने लिहिले, ‘आमच्या नाक्यावर धूळ फार असते.’ कल्याणहून येणारा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला जिथे मिळतो, तिथल्या मुलीचे हे वाक्य खोटे नाही. पण शेजारच्या मुलाने विचारले, ‘फार म्हणजे किती? कधी पाहिलेस? पावसाळ्यातही असते का?’ तर ती तेल लावलेला पांढरा कागद दिवसभर खिडकीत ठेवील, रविवारी दुसरा ठेवील आणि दोन्ही ताडून पाहील. तक्रारीचे निरीक्षण होईल. दहापैकी सहा गुण देऊन हे साधत नाही.

शोधनिबंधाचा परीक्षकही गुण देत नाही. मोजमापे किती वेळा घेतली, याचे दुसरे कारण संभवते का, हे तो विचारतो. उत्तर लेखकाने द्यायचे, निर्णय संपादकाचा. ही रीत आपोआप आलेली नाही. रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ मध्ये निघाले. तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय घेण्याची पद्धत तिथे रुजायला एकोणिसावे शतक उजाडले. मग मुलांना ते न शिकवता कसे जमावे?

शिक्षकांनी आधी स्वतःचाच एक परिच्छेद फळ्यावर लिहून मुलांकडून तपासून घ्यावा. अभिप्रायात तीनच गोष्टी असाव्यात : मला काय कळले, कुठे अडखळलो, काय करून पाहता येईल. शुद्धलेखन शेवटी. सूचना मानायची की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. मुख्य म्हणजे, पुन्हा लिहायला वेळ द्यावा. एरवी उत्तम अभिप्रायही वाया जातो.

साठ मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. पण महिन्यातून एक परिच्छेद पुरेसा आहे. गुण शिक्षकांकडेच राहू द्यावेत. मुलांच्या हाती प्रश्न द्यावा.