‘शतरंज के खिलाडी’ : भाषांतरात न उतरलेला बादशहा

प्रेमचंदांच्या १९२४ मधील कथेत अवधचा शेवटचा बादशहा वाजिद अली शाह जवळजवळ पार्श्वभूमीपुरताच येतो. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये या कथेवर चित्रपट केला तेव्हा त्याला पुढे आणले आणि ती भूमिका अमजद खान यांना दिली. विलासी, नाचगाण्यात बुडालेला राजा ही त्याची ख्याती जुनीच. ती कोणाच्या दप्तरात तयार झाली, हे चित्रपट दाखवतो.

त्या दृष्टीने रेसिडेंट औट्रम आणि कॅप्टन वेस्टन यांचा प्रवेश सर्वांत मोलाचा. औट्रम बादशहाची दिनचर्या कागदावरून वाचतो : नमाज, गाणे, पतंग, पुन्हा नमाज, मग स्वरचित कविता. उर्दू जाणणारा वेस्टन ती कविता म्हणून दाखवतो, इंग्रजीत अर्थही सांगतो. औट्रमला त्यात काही विशेष वाटत नाही. भाषांतरात ती नीट उतरत नाही, एवढेच वेस्टन म्हणू शकतो. उर्दू शिकवणाऱ्यांना हा अनुभव रोजचा. येथे त्यावर राज्य जाते. मुताचेही तेच. शिया फिकहमधला हा मुदतीचा निकाह (सुन्नी फिकहला तो मान्य नाही) औट्रमच्या लेखी केवळ बायकांचा आकडा ठरतो. नमाजाची नोंद त्याच कागदावर असूनही ती बादशहाच्या बाजूने धरली जात नाही.

प्रारंभीच्या चित्रमालेत कंपनी एकेक चेरी गिळते, त्यांत सातारा, नागपूर, झाशीही आहेत. सातारा (१८४८) आणि नागपूर (१८५४) खालसा करताना दत्तक वारस नाकारला गेला. अवधला वारसांची वाण नव्हती, म्हणून गैरकारभाराचे कारण पुढे आले.

मात्र याच चित्रमालेत निवेदकाचा सूर औट्रमच्या फार जवळ जातो. कृष्ण झालेला बादशहा तेथे गमतीचा विषय होतो. वास्तविक ‘राधा कन्हैया का किस्सा’ लिहिणाऱ्या या राजाला उर्दू नाटकाच्या आरंभकाळात मानाचे स्थान आहे. आपल्या प्रेमप्रकरणांची हकिकत त्याने ‘परीखाना’त स्वतःच सांगितली, चित्रपटाच्या कथानकाला तिचा काही उपयोग होत नाही. आरोपीने आपल्या भाषेत दिलेली साक्षच अशी बाहेर राहावी, ही उणीव लहान नाही.

सही नाकारून मुकुट उतरवणारा बादशहा मनाला चटका लावतो. पण पडद्याआडून औट्रमकडे न्याय मागणाऱ्या राजमातेचा प्रवेश अधिक धारदार आहे. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले. ही मलिका किश्वर मुलाची दाद मागायला थेट लंडनला गेली आणि परतीच्या वाटेवर १८५८ मध्ये पॅरिसमध्ये वारली.